नाक तुटलेली यशोदा

ऐकताय ना? मी बोलतेय, तोक्योच्या हिगाशी-कसाईतल्या एका फ्लॅटमधली यशोदा. खरं तर मी यशोदा नाहीच. मी मरिया, आणि कडेवरचा हा येशू. पण विद्याने मला जुन्या बाजारात पाहिलं, मूल पाहिलं आणि माझं बारसं उरकून मला देवघरात बसवलं! आता सांगणार कुणाला?

माझा जन्म हॉलंडकडच्या उट्रेख्त शहरातला. पांढरी माती साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि झाले मी वीतभर. ग्रीत नावाच्या बाईने मला घरी नेलं. लेकराच्या तापापासून नवऱ्याच्या रागापर्यंत सगळं ती मला सांगायची. मग तिकडे धर्माचं वारं फिरलं. मूर्तीत देव नसतो, म्हणत लोक चर्चमध्ये घुसले आणि संतांची डोकी फोडू लागले. ग्रीतचा नवराही त्यांच्यातलाच झाला. त्याच्या हातोड्याने माझं नाक गेलं, बाळाचा हात गेला. उरलेल्या मला ग्रीतने रडत रडत परसात पुरलं. कितीतरी पिढ्यांनी कसल्याशा खोदकामात मी वर आले आणि विकली जात जात इथवर पोचले.

त्या हातोड्यापासून मला स्वस्थता अशी नाहीच. दार जोरात आपटलं तरी काळजात धस्स होतं.

परवा पुण्याहून विद्याच्या सासूबाई आल्या, सुप्रभाताई. चष्मा लावून त्यांनी मला निरखलं.

"अगं विद्या, ही तर खंडित मूर्ती! पूजेत चालत नाही. विसर्जन करून टाक."

"इथे नदीत काही सोडता येत नाही, आई," लॅपटॉपमधून मान वर न काढता त्यांचा मुलगा उल्हास म्हणाला. "वेन्झडेला मोएनाई गोमी असतो, न जळणारा कचरा. त्यात टाकू. सिंपल."

इथे कुणाचा आवाजही चढला नव्हता, तरी निकाल तोच!

विद्याने मला झटकन उचललं. "आई, देव खंडित चालत नाही, मान्य. बाई चालते ना?"

मग सुप्रभाताईंनी स्वतःच मला स्वयंपाकघराच्या खिडकीत, साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं. मी हुश्श केलं.

आज सकाळी पूजा आटोपून त्या खिडकीशी आल्या. "बाई आहे, तर कुंकवाशिवाय कशी ठेवायची?" असं पुटपुटत त्यांनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मग, सवयीनेच, त्यांचे दोन्ही हात एकमेकांजवळ येऊ लागले.

नको हो, सुप्रभाताई. मला देव केलं की मागून कुणीतरी मोडायला येतंच. कुंकू राहू दे. हात तेवढे जोडू नका.