पूजलेलं मोजू नये

पहाट कसली, पहाटेचा नुसता पदर. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक सागराच्या ओठावर, हिरव्या रंगाची उधळण चालली होती. दवहिरवा, शेवाळहिरवा, सागरहिरवा. आणि सगळ्यांच्या तळाशी कारल्याच्या सालीचा तो खडबडीत हिरवा, जो डोळ्यांना दिसायच्या आधी जिभेला कळतो.

वारा असा, की गवताच्या पात्यापात्याला त्याने वाकायला शिकवलेलं. ऊन असं, की आलं म्हणेपर्यंत गेलं.

त्या वातविलोल, फेनधवल, क्षणसोनेरी सकाळी एक बाप आणि एक लेक वाळूच्या टेकडीवरून खाली उतरत होते. लेक पुढे, मोकळ्या हातांनी. बाप मागे, पाठीवर गोल्फची भलीमोठी बॅग घेऊन.

लेक म्हणजे हर्षाली ढमाले. वय एकतीस. अकरा वर्षं ती गोल्फच्या परदेशी दौऱ्यांवर खेळत होती. अकरा वर्षं! मोरोक्कोची तांबूस धूळ, थायलंडची घामट हिरवळ, ऑस्ट्रेलियाचं पांढरंफटक ऊन. कधी तिसरी, कधी सातवी, कधी एकेचाळिसावी. पहिली? पहिली कधीच नाही. सूटकेसच्या चाकांवर फिरणारं आयुष्य. चाकं झिजली, फिरणं झिजलं नाही.

बाप म्हणजे नामदेव ढमाले, तिचे अप्पा. पुण्याच्या एका गोल्फ मैदानावर चाळीस वर्षं कॅडी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहून उजव्या खांद्याला पट्ट्याची खाच पडलेली. नदीकाठच्या दगडाला दोराची पडते ना, तशी. आयुष्यात एकदा तरी लेकीची बॅग वाहायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. वर्षाची शेवटची स्पर्धा, म्हणून तिने ते पुरवलं होतं.

आज चौथा दिवस, शेवटचा. हिशोब काचेसारखा स्वच्छ होता. बाहत्तर फटक्यांत किंवा त्याहून कमी फटक्यांत अठरा होल पूर्ण केले, तर पुढच्या वर्षीचं कार्ड हातात. त्र्याहत्तर झाले, तर दौऱ्याचं दार बंद. मग पुन्हा विशीतल्या पोरींबरोबर पात्रतेच्या चाळणीत पडायचं, नाहीतर घरी परतून बंगल्यांतल्या मुलांना क्लब कसा धरायचा ते शिकवायचं.

ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं गेलं. "हारशॅली डमाली!"

"पार डमरू केला की गं ह्यांनी आपल्या आडनावाचा," अप्पा पुटपुटले.

"अप्पा, हसवू नका. हात हलतो."

"हलू दे की. हललेल्या हातानंच तर वाजतोय डमरू."

ती हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकुलतं एक हसू, वाऱ्याने उचललं आणि समुद्रात टाकून दिलं.

आदली तिन्हीसांज. खंडेनवमी. भाड्याच्या खोलीतल्या टेबलावर अप्पांनी लेकीचे चौदा क्लब मांडले होते, पातं पात्याला लावून, जणू चौदा योद्धे गुडघे टेकून बसलेले. हळद, कुंकू, अक्षता. झेंडू नव्हता म्हणून समुद्रकाठची काटेरी, पिवळी रानफुलं. आणि मधोमध, घरून टॉवेलात गुंडाळून आणलेली ती बुटकी सात नंबरची काठी. अप्पा क्लबला काठीच म्हणत. कुणा साहेबाने मोडून फेकलेली. अप्पांनी ती करवतीने कापून, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून सहा वर्षांच्या हर्षालीच्या हातात दिली होती.

"हिच्या पाया पड आधी," ते म्हणाले होते. "ही थोरली."

ती पाया पडली होती. तिने पाहिलं होतं. हो, तिनेही पाहिलं होतं!

आणि आज, दसऱ्याच्या सकाळी, अप्पांनी पूजेतली हत्यारं हात जोडून उचलली, कवेत घेतली आणि बॅगेत ठेवली. रोज कॅडी क्लब मोजतो. देव विसरेल, पण कॅडी हे विसरत नाही, कारण खेळाचा नियम कडक आहे: बॅगेत चौदा क्लब. पंधरावा म्हणजे गुन्हा. पण अप्पांच्या आईने त्यांना एक सांगून ठेवलं होतं: पूजलेलं मोजू नये. देवापुढचं धान्य मोजू नये, दिवे मोजू नयेत, हत्यारं मोजू नयेत. मोजलं की ओसरतं.

म्हणून चाळीस वर्षांत त्या एका सकाळी त्यांनी मोजलं नाही.

पहिला होल. चेंडू पांढऱ्या पाखरासारखा गेला. दुसरा. तिसरा. जितके फटके लागायला हवेत तितकेच लागले. ना एक कमी, ना एक जास्त. वारा तिच्या बाजूचा झाला होता. समुद्रसुद्धा, बघा ना, जरा मागे सरून बसला होता.

चौथ्या होलपाशी तिने बॅगेत हात घातला, आणि उंच उंच दांड्यांच्या तळाशी बोटांना काहीतरी लागलं. रबर. सायकलच्या ट्यूबचं जुनं, मऊ, ओळखीचं रबर.

बोटं थिजली. मग बोटंच मोजू लागली. बारा. तेरा. चौदा.

पंधरा.

वर ओढलेल्या पात्यावर कुंकवाचा टिळा अजून ओला असल्यासारखा चमकत होता. रक्तवर्ण, मंगलवर्ण. त्या क्षणी त्या दोन रंगांत काडीचाही फरक नव्हता.

अप्पांचा चेहरा राखेचा झाला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सोबतची खेळाडू दूर उभी राहून पाणी पीत होती. शेजारीच पिवळ्या फुलांचं काटेरी रान, हत्तीला गिळेल इतकं दाट.

"हर्षे," तिच्या हातातली काठी आपल्या मुठीत घेत ते कुजबुजले. "टाकतो झुडपात. कुणी बघत नाही."

वारा थांबला. खरंच थांबला.

गोल्फमध्ये खेळाडूच्या मागे कुणी शिट्टी घेऊन धावत नाही. इथे चोरच फिर्यादी, चोरच साक्षीदार. चूक झाली की आपला हात आपणच वर करायचा. आणि हे तिला शिकवलं होतं कुणी? सात वर्षांची असताना गवतात चेंडू बोटभर हलला, कुणी पाहिलं नव्हतं, तरी तिला सगळ्यांसमोर हात वर करायला लावलं होतं कुणी?

"हे तुम्ही बोलताय, अप्पा?"

अप्पांनी काठीवरची मूठ सोडली नाही. तिनेच ती मूठ उघडली, एकेक बोट करत, आणि दुसरा हात आभाळाकडे नेला.

पांढऱ्या केसांच्या पंचबाई छोट्या गाडीतून आल्या. त्यांनी ऐकलं, मोजलं, पुन्हा मोजलं. पात्यावरच्या लाल ठिपक्याला बोट लावून विचारलं, "रंग?"

"प्रार्थना," हर्षाली म्हणाली.

"सॉरी, डिअर." पहिल्या होलचे दोन, दुसऱ्याचे दोन. चार फटक्यांचा दंड; त्याच्या वर तो जात नाही. नियमापुढे प्रार्थनेला वजन नसतं, काठीला असतं.

मग ती थोरली काठी खेळातून बाद म्हणून बॅगेत उलटी खोचली गेली. मूठ वर, मस्तक खाली, टिळा अंधारात.

"मला माफ कर बाळा, मी..."

"तुम्ही यायलाच नको होतं." ती वळलीसुद्धा नाही. "परक्या कॅडीनं क्लब मोजले असते."

केवढंसं वाक्य! पण चाळीस वर्षांच्या ओझ्याने न वाकलेला खांदा त्या एका वाक्याने वाकला. आणि मोजायला तिलाही हात होते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर वाक्य इतकं धारदार निघालं. स्वतःवर उगारलेलं पातं माणूस नेहमी जवळच्याच्याच छातीत खुपसतो.

त्यानंतर ती जी खेळली, तशी ती अकरा वर्षांत खेळली नव्हती. राग तिच्या मनगटांत वीज होऊन वाहिला. चेंडू वाऱ्याला चिरत गेले, वाळूतून उसळले, हिरवळीवर मांजरासारखे दबकत येऊन होलमध्ये शिरले. लोक टाळ्या वाजवू लागले. बॅग उचलणारा बाप दर वेळी योग्य अंतर सांगत होता, योग्य क्लब पुढे करत होता, आणि ती तो त्याच्याकडे न बघता घेत होती. जीभ दोघांचीही कोरडी. मैदान मात्र हिरवं, निर्लज्ज हिरवं.

अठराव्या होलमध्ये शेवटचा चेंडू पडला.

हातांनी मारलेले फटके: एकाहत्तर.

कागदावर लिहिलेले: पंचाहत्तर.

खेळ संपला की टोप्या काढायच्या आणि हात मिळवायचे, हा तिथला रिवाज. तिने सोबतच्या खेळाडूशी हात मिळवला. तिच्या कॅडीशी. पंचबाईंशी. रांगेत शेवटी अप्पा उभे होते. टोपी काखेत, तळहात विजारीला पुसून पुढे केलेला.

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताचा पांढरा मोजा काढला, सावकाश, बोटाबोटाने. घामाने भिजलेला, कातडीला कात चिकटावी तसा चिकटलेला. तो त्या पुढे केलेल्या तळहातावर ठेवला. आणि ती चालू लागली, फलकाकडे, जिथे नावं पुसली जात होती.

हिरवळ रिकामी झाली. काढलेला झेंडा पुन्हा होलमध्ये रोवणं हे कॅडीचं शेवटचं काम. मागून येणाऱ्यांना दिसायला हवं, कुठे पोचायचंय ते. नामदेव ढमाल्यांनी झेंडा रोवला. झेंड्याच्या काठीला धरून ते तसेच उभे राहिले, समुद्राकडे पाठ करून.

वारा पुन्हा सुटला. त्यांच्या सैल मुठीतला तो मोजा वाऱ्याने भरला. अंगठा उठला, करंगळी उठली, पाचही बोटं ताठ उभी राहिली. आत हात नव्हता. तरीही तो हलत राहिला, हलत राहिला, त्या कडू हिरव्या दुपारला कुणीतरी निरोप द्यावा, तसा.