मागची दोन चाकं

दिसली चकाकती की घातली गाडीला, चाकं निवडणं म्हणजे एवढंच, असं वाटणारी माणसं तिच्या चाकांच्या दुकानात एकदा येऊन गेली की पुन्हा तसं बोलत नसत. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याला गाडीत बसवायची. बायको, आई, सामान, जे रोज गाडीत असतं ते सगळं बसवायचं आणि मगच चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट मोजायची. रिकामी गाडी खोटं बोलते, असं तिचं म्हणणं. मग विचारायची, किती बोटं फट हवी? तीन बोटं म्हणजे घरंदाज, दोन म्हणजे हौशी, आणि एकही बोट जायला नको म्हणणाऱ्याला पुढे रस्त्यातल्या एकेका खड्ड्याशी ओळख ठेवावी लागायची. कुणाला चाकं सरळ हवीत, कुणाला वरून आत आणि खालून बाहेर फाकलेली. प्रत्येक गाडीच्या नावाने केलेल्या कार्डावर गाडीची बाजू काढून, तीनदा खोडून, ती दाखवायची. आणि चौथ्यांदा काढलेली गाडी गिऱ्हाइकाला आपलीच वाटायची.

चाकं बसवण्याचं काम नवऱ्याचं. त्यांची आठ महिन्यांची मुलगी टेबलाशेजारी आडव्या टाकलेल्या मोठ्या टायरमध्ये, रजई कोंबून केलेल्या घरट्यात झोपायची. या टायरला वॉरंटी आहे का, असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं आणि प्रत्येकाला वाटायचं, हा विनोद आपणच पहिल्यांदा केला.

चाक चढवलं की नट आधी हाताने फिरवायचा, हा त्या दोघांचा रिवाज. तो डोळे मिटून फिरवायचा, कारण आटे नीट धरतायत की नाही ते बोटांना कळायला हवं. ती नटावरच्या खडूच्या खुणेकडे बघत मनात मोजायची आणि नट टेकला की आकडा सांगायची. सात आट्यांच्या आत टेकला तर पकड अपुरी, चाक परत उतरवायचंच. कॉम्प्रेसरच्या धडधडाटात मोजताना तो एकदा चुकला होता, तेव्हापासून मोजणं तिच्याकडे आलं. आकडा ती कार्डावर लिहायची, खाली सही तो करायचा.

एका शनिवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ आला. नोकरी सुटून त्याला वर्ष होत आलं होतं. जेवायलाही खोलीबाहेर येत नाही, असं आई फोनवर रडत सांगायची. आणि आज हा जुनी गाडी घासूनपुसून, केस विंचरून, हसत उभा.

"ताई, उद्या मैदानावर सगळ्या सजवलेल्या गाड्या जमतायत. माझी चाकं मडगार्डच्या काठाला आणून दे. मधून कागदसुद्धा जायला नको."

"आणि तू कुठे बसणार? टपावर?"

"दाजी, गिऱ्हाइकाशी नीट बोल म्हणून सांगा ना हिला."

"माझं ऐकलं असतं तर आजवर किती गोष्टी झाल्या असत्या," नवरा दुसऱ्या गाडीखालून म्हणाला.

तिने चाकं जीव लावून निवडली. खोल कडांची, चंदेरी, पाच आऱ्यांची. पुढची दोन अशी बसली की भाऊ गुडघ्यावर बसून बघतच राहिला. मागची मात्र पेन्सिलीच्या जाडीएवढी आत राहिली. ती बाहेर आणायची तर चाकामागे एक चकती, म्हणजे स्पेसर, घालावी लागणार. पण चकती जेवढी जाड, तेवढी स्टडची, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या दांड्याची, लांबी ती खाणार आणि नटाला आटे कमी मिळणार. लांब स्टड मागवले तर गुरुवारी येणार होते.

"मग गुरुवारी ये," नवरा म्हणाला.

भावाचं हसू तोंडावरच वाळलं. "गुरुवारी कोण बघणार आहे," असं पुटपुटत तो टपावरून उगाच हात फिरवत राहिला. तो हात तिला बघवेना.

"जुन्याच स्टडवर घालून तर बघू," ती म्हणाली. "नाही बसली तर काढू."

नवरा तयार झाला. मोजणार तीच होती, त्यामुळे त्याला काळजी नव्हती.

मागचं डावं चाक. पहिला नट. एक, दोन, तीन, चार, पाच. नट टेकला.

"किती?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

भाऊ तिच्याकडे बघत होता.

"सात."

"सात?"

"सात म्हटलं ना."

तो पुढच्या नटाकडे वळला. मागच्या दोन चाकांच्या दहाही नटांना ती सातच म्हणाली. एका दिवसाचा तर प्रश्न, असं ती मनाला समजावत होती. नवरा हात धुवायला गेला तेव्हा तिने भावाला बाजूला ओढलं. "पाचच बसलेत. हळू चालव, आणि गुरुवारी आण. शपथ घे."

"तुझी शपथ, ताई."

रविवारी त्याने फोटो पाठवले. गाडीभोवती माणसं आणि मधे हा, दात दाखवत. आईचा फोन आला, आज दोनदा वाढून घेतलं म्हणे, आणि जेवताना सगळी हकिगत सांगितली. गुरुवारी लांब स्टडचं पुडकं आलं. तिने ते फळीवर ठेवलं आणि भावाला फोन केला. उद्या आणतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्याच. "तुझ्याच डोक्याचे आटे ढिले झालेत का रे?" ती चिडली. "चालतेय ना मस्त," तो म्हणाला. नवऱ्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सकाळी वाटायचं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी मुलगी किरकिर करायची.

तिसऱ्या आठवड्यात, उतारावरच्या वळणावर, मागचं डावं चाक निखळलं. गाडी घसरत कठड्याला लागली. भावाच्या खांद्याला टाके पडले. चाक एकटंच पुढे गेलं. बसथांब्यावर एक शिक्षिका वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. दोन दिवसांनी ती वारली.

दवाखान्यात भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. "ताई, तू काही बोलू नकोस. सही दाजींची आहे."

"म्हणजे?"

"तुझ्या पदरात लेकरू आहे. दाजींचं काय, फार तर..." त्याच्या केसांतून फिरणारा हात तिने काढून घेतला.

नवऱ्याला सावरता येत नव्हतं. जेवताखाता तो आपलेच तळवे उलटसुलट करून बघायचा. "माझ्या बोटांना कसं कळलं नाही?" असं तिलाच विचारायचा, आणि ती ताटात बघायची.

अपघातानंतर चौथ्या दिवशी दुपारी अपघाताचा तपासनीस दुकानात आला. हातात कार्ड आणि एका पिशवीत ती चकती, सोललेल्या स्टडसकट.

"कार्डावर सात लिहिलंय," तो म्हणाला. "ही चकती असताना सात बसत नाहीत. मी तीनदा करून पाहिलं, पाचच बसतात. मोजले कुणी?"

नवऱ्याने कार्ड हातात घेतलं. आकडा तिच्या हातचा होता. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि तिच्या लक्षात आलं की त्याला आता, या घडीला कळतंय.

"मी," तो म्हणाला.

"त्याने नाही." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी मोजले. पाच होते, मी सात सांगितले. त्याने दोनदा विचारलं होतं."

तपासनिसाने लिहून घेतलं. टायरमधल्या मुलीकडे एकदा बघितलं. "उद्या दहाला कार्यालयात या, जबाब होईल. संध्याकाळी घरी परताल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. मुलीची सोय करून या."

तो गेल्यावर नवरा फळीपाशी गेला आणि पुडकं हातात घेऊन उभा राहिला. "हे कधी आलं?"

"गुरुवारी."

"कुठल्या?"

"पहिल्याच."

"तीन आठवडे माझ्या शेजारी बसून जेवलीस."

"हो."

"एकदा तरी सांगावंसं वाटलं?"

"रोज."

त्याने पुडकं जागेवर ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मुलगी अजून अंगावरच पीत होती. बाटली तोंडाशी नेली की मान फिरवायची. संध्याकाळी घरी तिने वाटीत दूध काढलं आणि वाटी-चमचा नवऱ्यापुढे ठेवला. "थेंब थेंब घाल. घाई केलीस तर ठसका लागतो तिला."

त्याने मुलीला मांडीवर घेतलं आणि चमचा ओठाशी नेला. मुलीने तोंड घट्ट मिटलं आणि आईकडे हात पसरले. दूध हनुवटीवरून गळ्यात उतरलं. त्याने ते आपल्या बाहीने टिपलं, पुन्हा चमचा भरला. पुन्हा तेच. पोर आता रडायच्या बेतात आली होती.

"तू बाहेर जा," तो वर न बघता म्हणाला. "तू दिसतेस तोवर ती घ्यायची नाही."

ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.