खुंटीवरचा कुमगान

मी एक जुना तांब्याचा कुमगान आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. तुमच्या आजीच्या चंबूला उंच मान, वाकडी चोच, एक कान आणि बिजागरीचे झाकण लावले की झालो मी. चहाचे पाणी उकळणे हे माझे काम. चुलीशी संसार करणाऱ्याने गोरेपणाची हौस धरू नये, म्हणून काळा झालो तरी मी कधी कुरकुर केली नाही. आज मी तुम्हाला माझी जीवनकहाणी सांगणार आहे. खरे तर ती माझी कमी आणि सावसनची जास्त आहे. ती सांगू शकणारे एकच माणूस या घरात उरले आहे, आणि ते बोलत नाही. म्हणून मी बोलतो.

माझा जन्म डोंगरातल्या इस्तरवशान शहराच्या तांबटआळीत झाला. उस्ताद हमीद नावाच्या म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला आणि आतून कल्हई केली. एका बापाने मला आपल्या लेकीच्या लग्नासाठी विकत घेतले. त्या लेकीचे नाव ओयमोह. तिच्याबरोबर मी डोंगर उतरून वख्श नदीच्या खोऱ्यातल्या या कापसाच्या गावात आलो. ती सून म्हणून आली आणि मी तिचे आंदण म्हणून.

आमच्या घरासमोरून पाट वाहतो. पाटावर तुतीची झाडे आहेत आणि तुतीच्या सावलीत बसायचा लाकडी तख्त. त्या तख्ताच्या कडेला चूल, आणि चुलीच्या निखाऱ्यांत मी. किती जणांना मी चहा पाजला असेल, त्याची मोजदाद नाही. कापूस वेचणाऱ्या बायका, सोयरिकीला आलेले पाहुणे, रडायला आलेले शेजारी, सगळ्यांचे पहिले आदरातिथ्य माझ्या हातचे. ओयमोहचा नवरा नुसरत ऐन चिल्ल्यातही, म्हणजे उन्हाळ्याच्या त्या चाळीस भाजून काढणाऱ्या दिवसांतही, वाफाळता हिरवा चहाच प्यायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "गरम चहा आतली उष्णता बाहेर काढतो. गार पाणी गाढवानं प्यावं." त्याच्या या हट्टामुळे उन्हाळा असो की हिवाळा, आमच्या घरात उकळलेल्याशिवाय पाणी ओठाला लागत नसे. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते की तो हट्ट आमची राखण करत होता.

मग नुसरत वारला. मुलगा दिलोवर मोठा झाला, त्याचे लग्न ठरले आणि सावसन घरात आली.

लग्नानंतर सुनेच्या चेहऱ्यावरचा पदर दूर करून तिचे तोंड बघायची आमच्याकडे रीत आहे. तो पदर ओयमोहने स्वतः उचलला. सावसनने पापण्या वर केल्याच नाहीत. जमलेल्या बायका कौतुकाने एकमेकींकडे बघू लागल्या.

"काय गं ओयमोह, सून आणलीस की चित्रातली बाहुली आणलीस?" एक शेजारीण म्हणाली.

"वळण आहे तिला," ओयमोह फुशारकीने म्हणाली. "तुझी सून पहिल्याच दिवशी माझ्या कानातले बघत होती."

चांगल्या घरची सून थोरांपुढे नजर खालीच ठेवते. सावसनने ते इतके पाळले की दोघी एकत्र राहू लागल्या, एका ताटात जेवू लागल्या, तरी सासूशी बोलताना तिची नजर सासूच्या हातांवर असायची. ओयमोहला त्याचा अभिमान होता. गावभर ती सांगत फिरे, "माझ्या सुनेचे डोळे काळे की घारे, मलासुद्धा माहीत नाही."

पण दोघींचे फार गूळपीठ होते हो. दिलोवर रशियात इमारतींच्या कामावर गेला आणि दोघी एकमेकींच्या आधाराला राहिल्या. सावसन मला राखेने घासायची तेव्हा गुणगुणायची. मला गुदगुल्या व्हायच्या. तो जाऊन जेमतेम महिना झाला असेल, तोच वसंतात तिला दिवस गेल्याचे कळले आणि ओयमोहने तिला फुलासारखे जपायला घेतले. झाडू हातातून काढून घेतला, भाकरीच्या भट्टीजवळ जाऊ देईना.

त्याच वसंतात गावातल्या नळाच्या पंपाची मोटर जळाली. आज दुरुस्त होईल, उद्या होईल, असे करता करता तुती पिकून गळाली, पण नळ कोरडाच राहिला. सगळे गाव पुन्हा पाटाच्या पाण्यावर आले. या पाटाच्या वरच्या अंगाला शंभर घरे आहेत. त्यांची गुरे त्यात उतरतात, बायका लंगोट धुतात, आणि काठाजवळच्या संडासांचे काय होते ते विचारू नका. पण आमच्याकडे एक जुनी म्हण आहे: सात दगडांवरून वाहिले की पाणी निर्मळ. लोक पाटात वाकून बघत, पाणी खळाळताना दिसे, आणि ते ओंजळ भरून पीत.

गावच्या दवाखान्यातली सफरगुल नर्स गल्लीत येऊन घरोघर सांगून गेली. आमच्याही तख्तावर ती टेकली. थोर बाईला आमच्याकडे खाला, म्हणजे मावशी म्हणतात.

"खाला, पाणी उकळून प्या. वरच्या गावात कावीळ सुरू झाली आहे."

"सात दगडांवरून येतं ते," ओयमोह म्हणाली. "आमच्या आज्यापणज्या ह्याच पाण्यावर नव्वदीला टेकल्या."

"ज्या टेकल्या त्याच तुम्हाला आठवतात, खाला. ज्या गेल्या त्या कुठून येणार सांगायला? दगडाला काविळीचं विष दिसत नाही. उकळीला दिसतं. तुमची सून पोटुशी आहे. ही कावीळ इतरांना अंथरुणावर पाडते, पोटुशीला मात्र घेऊन जाते."

"अगं, शुभ बोल," ओयमोहने तिला थांबवले आणि नान पुढे केला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय. मी भांडे आहे, मला ते बरोबर समजते.

आणि मग चिल्ला लागला. कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीत बसू लागल्या. तशात एका सकाळी सावसन माझ्यासाठी चूल फुंकत होती. कापसाच्या ओल्या काड्या पेटेनात, धूर तिच्या डोळ्यांत गेला, ती खोकली आणि पोटावर हात ठेवून मागे टेकली. ओयमोह धावत आली.

"पुरे. आजपासून चुलीपाशी यायचं नाही. ह्या आगीत आणखी आग कशाला? दोघींपुरता तर चहा. राहू दे."

"आई, मग पाणी..."

"गार चालोब करून देते तुला. पोटातल्या पोरालाही गारवा."

चालोब म्हणजे तुमच्या ताकाचा भाऊ, दह्यात पाणी घालून केलेला, वर काकडी आणि पुदिना. दही चांगले होते, काकडी चांगली होती. पाणी पाटाचे होते.

सावसनने मला शेवटचे घासले, इतके की नव्या नवरीसारखा मी चकाकू लागलो. ओयमोहने मला ओसरीतल्या खुंटीवर टांगले. मित्रांनो, मला अडगळीत फेकले असते तर मी एवढा रडलो नसतो. मला टांगले होते ते मायेने. सुनेला धग लागू नये म्हणून. आणि मला चोच असली तरी वाचा नाही. मी वरून बघत राहिलो. ओयमोह रोज कटोरा भरायची, त्यावर पुदिना चुरडायची आणि म्हणायची, "पी बाळा, सगळं पी." आणि सावसन नजर खाली ठेवून सगळे प्यायची.

काही आठवडे काही झाले नाही. मग सावसनचे अन्नावरचे मन उडाले. तेलाचा वास आला की तोंड फिरवायची, अंगात कणकण असायची, उजव्या बरगडीखाली दुखते म्हणायची. ओयमोह हसून म्हणाली, "पोरगी असणार. पोरी फार सतावतात आईला."

पण सुरुवातीच्या महिन्यांतल्या ओकाऱ्या केव्हाच थांबल्या होत्या. आता पोट घागरीएवढे झाले होते. या वेळी पुन्हा मळमळ का सुरू व्हावी, हे कोणाच्या मनात आले नाही. आणि एक गोष्ट सावसनने कोणालाच सांगितली नाही. तिची लघवी काळ्या चहासारखी गडद होऊ लागली होती. सासूला असले कसे सांगायचे? लाज वाटली. त्या लाजेपायी किती दिवस गेले.

ओसरीतून जाता-येता ती माझ्या चकचकीत अंगात आपला चेहरा बघायची. पण मी पडलो तांब्याचा. माझ्यात सगळेच चेहरे तांबूस-पिवळे दिसतात. तिला वाटले, हा रंग कुमगानचाच. मलाही तसेच वाटले. याचे मला आजवर वाईट वाटते.

एके संध्याकाळी दिलोवरचा फोन आला. चित्र दिसणारा फोन. दोघींनी तो माझ्याखालच्या खिडकीत टेकवून ठेवला. नवऱ्याशी बोलताना सावसन नजर वर करायची, तेवढीच काय ती.

"जेवतेस ना? असा का उतरला चेहरा?"

"जेवते. तुमचाच उतरलाय. कोबीचं सूप खाऊन खाऊन कोबी झालात."

तो हसला. मग हसता हसता थांबला. "जरा उजेडाकडे हो. डोळ्यांना काय झालंय तुझ्या?"

"काही नाही. फोन जुना झालाय."

"आईला बोलव." त्याचा आवाज बदलला होता. "आई, तिच्या डोळ्यांत बघ. नीट बघ."

ओयमोहने सुनेची हनुवटी धरली आणि मावळतीकडे वळवली. लग्नाच्या दिवशी पदर उचलूनही जे दिसले नव्हते, त्या डोळ्यांत ती आज प्रथमच बघत होती. बुबुळे घारी होती. आणि त्यांच्याभोवतीचे पांढरे, पांढरे नव्हते. पिकल्या जर्दाळूसारखे पिवळे होते.

"बाई गं," एवढेच ओयमोह म्हणाली.

तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. पण शेजारीण म्हणाली, पिवळ्या मण्यांची माळ घाला, परातीत जिवंत मासा सोडून त्याच्याकडे बघत बसवा, कावीळ माशात उतरते. मासा आणला. सावसन परातीपुढे बसून राहिली. मासा फिरत राहिला. परातीतले पाणीसुद्धा पाटाचेच. दुसऱ्या दिवशी ती भलतेच बोलू लागली. माहेरच्या कुत्र्याला हाका मारू लागली, सासूला ओळखेना. सफरगुल नर्स पळत आली, तिने माळ तोडून टाकली आणि शेजाऱ्याची गाडी मागवली.

"पिवळेपण दिसल्या क्षणी का नाही आणलीत, खाला? लघवीचा रंग विचारायचा होता. पोटुशीला अशी वाट बघायची सवडच नसते."

 गाडीत ओयमोह सुनेचे डोके मांडीवर घेऊन बसली. मी खुंटीवरून गाडीची धूळ बसेपर्यंत बघत राहिलो.

सावसन परत आली ती चादरीत. बाळ मुलगीच होती. तिचे रडायचे राहूनच गेले.

गल्लीतल्या बायकांनी सावसनला शेवटचे न्हाऊ घालायला पाणी तापवायला घेतले. मोठी कढई चढवली, ते पुरेना, तेव्हा कोणीतरी मला खुंटीवरून काढले. चूल पेटली. सगळ्या उन्हाळ्यात जे पाणी मी तिच्यासाठी एकदाही उकळले नाही, ते त्या दिवशी उकळले. मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला याहून मोठे दुःख नसते.

त्या उन्हाळ्यात गल्लीतली आणखी पुष्कळ माणसे पिवळी पडली. विश्रांती घेऊन ती बरी झाली, पुन्हा कापसात गेली. दिलोवर थडग्यावर माती घालायलाही पोहोचला नाही. तो आला तेव्हा आईला एक शब्दही बोलला नाही, नुसता तिच्याजवळ बसून राहिला. तेच तिला फार लागले असावे.

पुढे नळ सुरू झाला. तरी आमच्या घरात तेव्हापासून चूल विझलेली नाही. चिल्ला असो, वारा आग ओकत असो, ओयमोह पहाटे मला निखाऱ्यांवर ठेवते. पाणी चांगले खळखळू देते. मग धुतलेल्या मडक्यात ओतते, वर झाकण ठेवते आणि तुतीच्या सावलीत गार करते. गार पाणी प्यायला कोणाचीच ना नाही, मित्रांनो. आधी उकळू द्या, मग गार करा, एवढेच. पाणी घेण्याआधी ती हात साबणाने धुते. काकडी, पुदिना, द्राक्षेसुद्धा याच पाण्याने धुते. सात दगडांची म्हण तिच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकली नाही. खरे तर तिच्या तोंडून फारसे काहीच कोणी ऐकले नाही.

आता मी जुना झालो. कल्हई झिजली की दिलोवर शहरात नेऊन नवी करून आणतो. बुडाला पोचे आले आहेत. पण मला कौतुक नको, नवी चकाकी नको. मला फक्त खुंटीवर टांगू नका. उन्हाळ्यात तर नकोच. धग लागते म्हणून ज्याला चुलीपासून दूर ठेवता, त्याच्यासाठीच पाणी उकळायचे असते.

काल शेजारची नवी सून मडक्यातले पाणी न्यायला आली होती. तिलाही दिवस गेले आहेत. रीतीप्रमाणे नजर खाली ठेवून ती तख्तापाशी उभी राहिली. ओयमोहने कटोरा भरला, पण दिला नाही.

"आधी मान वर कर, पोरी."

पोर लाजली. मान आणखीच खाली गेली.

ओयमोहने तिची हनुवटी धरली आणि चेहरा उन्हाकडे वळवला. खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढून बघितली. डोळे सोललेल्या अंड्यासारखे पांढरे होते. म्हातारी तरी बघतच राहिली.

"रोज येत जा," ती म्हणाली. "आणि माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत जा."

मग तिने कटोरा पुढे केला.