पत्र्याची वेल आणि शेवंताबाईची भिंत

मित्रांनो, यावलमध्ये एका खोलीच्या दारामागे खिळ्याला एक गंजका पत्रा टांगलेला आहे. तो मीच. मी एक जुना वेलीचा छाप आहे. मला भिंतीवर दाबून धरायचे, रंगात बुडवलेली चिंध्यांची पुडी माझ्यावर हलकेच आपटायची आणि मला उचलायचे, की भिंतीवर पाने, कळ्या आणि वळणदार देठ उमटतात. म्हणजे माझे सारे मोल माझ्या भोकांत आहे. जेवढे कापून टाकले तेवढ्यालाच लोक शाबासकी देतात. उरलेल्या पत्र्याला कोणी विचारत नाही. लहानपणी मला याचा फार राग यायचा.

जन्माने मी घासलेटचा डबा. सरदारभाई नावाच्या रंगाऱ्याने १९४८ साली मला उभा चिरला, ठोकून सपाट केला आणि छिन्नी घेऊन माझ्यावर आठ दिवस वाकून बसला. तिसऱ्या पानाशी त्याची छिन्नी घसरली आणि पानाचे टोक तुटले. त्याची बायको रहिमाबी म्हणाली, "दुसरा डबा घ्या ना." सरदारभाई म्हणाला, "रहने दे. इसीसे पहचान रहेगी." त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षे मिरवलो.

यावल, फैजपूर, रावेर, जिथे सरदारभाई रंग द्यायला जाई तिथे मी त्याच्या काखेत असे. पेढीवाल्यांच्या लांबलचक दिवाणखान्यांत माझी वेल चालून चालून दमून जायची. मला आवडायच्या लहान खोल्या. तिथे वेल दारापासून निघायची, चुलीच्या बाजूने वळायची आणि चार पावलांत परत दाराशी येऊन स्वतःलाच भेटायची. घरची बाई मग हातातले काम टाकून मधोमध उभी राही आणि गोल फिरून बघे. "माय व, आपलंच घर हाये का हे?" असे ती म्हणाली, की माझा ऊर भरून येई.

पण रंगाऱ्यालाही पोट असते. धुळ्याकडे सडकेवर मालमोटारी वाढल्या आणि त्यांच्या फळ्यांवर तेलरंगाने फुले काढायचे काम सरदारभाईला मिळाले. तो सोनगीरला राहू लागला, दोन-चार महिन्यांनी घरी येऊ लागला. तेलरंगाला ब्रश लागतो, छाप लागत नाही. रहिमाबीने मला कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवले. माझ्या पानांतून कोंबड्यांना उजेड मिळे, एवढाच माझा उपयोग उरला. दोन वर्षे मी त्यांची बोलणी खाल्ली.

तिथून मला शेवंताबाईने उचलले. ती शेजारच्या एका खोलीत राहायची. नवरा नव्हता, मुलगा नव्हता. केळीच्या बागेत घड वाहून तिने एकुलत्या एका लेकीला, बेबाला, वाढवले होते आणि नुकतेच नशिराबादला दिले होते. अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. आखाजीला लेक माहेरी आली नाही तर माहेरचे दार उघडे असून बंद, असे इथल्या बायका मानतात. बेबाची ती पहिलीच आखाजी होती आणि शेवंताबाईच्या खोलीच्या भिंती धुराने काळ्या पडल्या होत्या.

"रहिमाबी, हा पत्रा मले द्या. कोंबड्याइले दुसरं काही झाका," ती म्हणाली.

"ने ना माय. अन् हा सरसचा तुकडाबी ने. रंगात उकळून टाक, नही तर रंग धरणार नही."

शेवंताबाईने सरस हातात घेतला, हुंगला आणि विचारले, "कातड्याचा असते ना हा? त्या भिंतीच्या कोनाड्यात माझी गौराई बसते. तिच्या शेजारी हे चालणार नही."

रहिमाबीने राग मानला नाही. तुकडा परत घेतला आणि म्हणाली, "मग तुझं तू पाहा." शेवंताबाईने पाहिले नाही. तिने भिंतीला पांढऱ्या मातीचा हात दिला, कोनाडा पिवडीने पिवळा केला, गेरू नुसत्या पाण्यात कालवला आणि बसल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर माझी वेल फिरवली. मित्रांनो, खोली अशी खुलली की काय सांगू! बेबा आली, चार दिवस निंबाच्या झोक्यावर गाणी म्हटली. पाचव्या दिवशी तिला न्यायला जावई गिरधर आला. नवाकोरा पांढरा सदरा घालून तो भिंतीला टेकून बसला, पोटभर जेवला आणि उठला.

त्याच्या पाठीवर माझी वेल होती. कळ्या, देठ, आणि तुटक्या टोकाचे तिसरे पानसुद्धा. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत स्वच्छ ठसा होता आणि तो पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरात कोणाच्याच ते ध्यानात आले नाही, आणि मान खाली घालून निघालेल्या बेबाच्याही नाही. मोटारस्टँडवर पोरे हसली, मोटारीत बाया हसल्या, आणि नशिराबादला पोचेपर्यंत गिरधरला कळले नाही की लोक का हसत आहेत.

आठ दिवसांत विहीणबाईंचा निरोप आला. तानुबाई मोठ्या कडक. त्यांनी कळवले की ज्या घरी जावयाची अशी शोभा होते तिथे पुढच्या आखाजीला सून धाडणार नाही.

शेवंताबाई निरोप ऐकून रडली. मग तिने डोळे पुसले आणि ओल्या फडक्याने भिंतीवरची वेल पुसून काढली. म्हणाली, "येईल. माझी पोरगी येईल, अन् याच भिंतीले पाठ लावून बसेल."

त्यानंतर वर्षभर तिने माझी पाठ सोडली नाही. तांदळाच्या पेजेत रंग कालवला, तर मुंग्यांची रांग लागली. मेथीचे पाणी घातले, तर पावसाळ्यात बुरशी धरली. गव्हाची खळ केली, ती उंदरांनी चाटून खाल्ली. दर वेळी ती तळहात भिंतीवर घासायची, तळहात लाल व्हायचा, आणि ती पुन्हा फडके भिजवायची. मी कंटाळलो, खरेच सांगतो. ती कंटाळली नाही.

माघात एकदा ती दारात बसून लुगडे धूत होती. घड वाहताना खांद्यावर केळीचा चीक गळतो. अंगावर पडतो तेव्हा तो पाण्यासारखा असतो. वाळला की काळपट डाग पडतो आणि लुगडे फाटले तरी डाग जात नाही. सगळ्या यावलच्या बायका या डागाला शिव्या देतात. शेवंताबाईनेही दिली. "मेला निघतच नही!" आणि ती एकदम थांबली. हातातला पिळा तसाच ठेवून तिने मान वर करून भिंतीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी तिने बागेतून लोटाभर चीक आणला, त्यात गेरू कालवला आणि मला भिंतीवर धरले. तीन दिवसांनी तळहात घासला. मग ओले फडके घासले. मग नारळाची शेंडी घासली. वेल जागची हलली नाही. माझेही तोंड त्या दिवसापासून तपकिरी झाले आहे, राखेने घासूनही ते उजळले नाही.

पण भिंत काही नशिराबादला नेता येत नाही. म्हणून आखाजीच्या आधी शेवंताबाईने मला धडप्यात गुंडाळले, चिकात कालवलेल्या गेरूच्या लोट्याचे तोंड केळीच्या पानाने बांधले आणि भुसावळला मोटार बदलून ती थेट विहीणबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली.

"एक पांढरं फडकं द्या," ती म्हणाली. "माझं नको, तुमच्याच घरचं. त्याच्यावर मी वेल काढते. वाळू द्या, मग तुमच्या हातानं धुवा. निघाली तर मी पोरीचं नाव काढणार नही. नही निघाली तर तिले आखाजीले धाडा."

तानुबाईंनी जुन्या धोतराचा तुकडा फेकला. शेवंताबाईने वेल उमटवली आणि उन्हात वाळत घातली. तिसऱ्या प्रहरापर्यंत ती तिथेच बसून राहिली, पाण्याचा घोटही घेतला नाही. बेबा आतल्या दाराला धरून उभी होती. मग तानुबाई उठल्या. सोडा घातला, फडके दगडावर आपटले, पुन्हा आपटले, पिळून पिळून त्यांचे हात दुखून आले. फडके झिरझिरीत झाले, वेल होती तशीच. त्यांनी ते झटकून दोरीवर टाकले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, हे एक पान तुटकं काहून हाये?"

"छिन्नी घसरली होती," शेवंताबाई म्हणाली.

"हं. आधी पाणी प्या. बेबाले धाडते मी. तिले न्यायला गिरधरच येईल."

गिरधर आला. सदरा पांढराच होता, पण तो शहाणा झाला होता. खोलीच्या मधोमध, भिंतीपासून हातभर दूर, ताठ बसला. शेवंताबाईने ताट वाढले आणि म्हणाली, "टेका जावईबापू."

"नही, बरा हाये मी असाच."

तेव्हा बेबा उठली. आपले नवे फिकट पिवळे लुगडे सावरून ती भिंतीशी गेली आणि वेलीवर पाठ टेकून मांडी घालून बसली. गिरधरने तिच्याकडे पाहिले, सासूकडे पाहिले आणि हळूहळू मागे सरकला. टेकला. तसाच टेकून पोटभर जेवला. तो उठून पाठमोरा झाला, तेव्हा मी खिळ्यावरून डोळे ताणून पाहिले. पाठ पांढरी होती. थोडी पांढरी माती लागली असेल. पण पांढऱ्यावर पांढरे कोणाला दिसते?

शेवंताबाई तेव्हा पुन्हा रडली. या खेपेला तिने डोळे पुसायची घाई केली नाही.

मित्रांनो, त्याला आता दोन वर्षे झाली. सोनगीरहून सरदारभाई आला, त्याने अंगठा भिंतीवर रगडला आणि म्हणाला, "कमाल है अक्का!" माझी धार बोथट झाली आहे, दोन कळ्या गंजून एक झाल्या आहेत. पण तुमच्या घरी असा एखादा जुना पत्रा असेल तर त्याला खुराड्यावर टाकू नका, एवढे माझे ऐका. आणि आपले घर लहान म्हणून ते तसेच काळे ठेवू नका. जवळ असेल तो रंग घ्या, मनात असेल ती वेल काढा. मात्र रंग असा द्या, की दुरून आलेल्या लेकीला त्या भिंतीला निःशंक पाठ टेकता यावी. परवा आखाजी आहे. बेबा येणार आहे, आणि या वर्षी तानुबाईसुद्धा बसायला येणार आहेत.