जिन्यातला सोफा

किटलीचा दांडा कापून झाला, तोटी कापायला घेतली, आणि माईंची कात्री थांबली.

किटली खरं तर छान उतरली होती. निळ्या ठिपक्यांच्या कागदाची, पोटाला गोल, झाकणावर चिमुकलं बटण. वाचनालयाच्या वरच्या खोलीत लांबलचक टेबलाभोवती बाकीच्या बायका आपापल्या आठवणी कातरत बसल्या होत्या. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी, ज्या दुसऱ्यांचे दात उपटण्यातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, मान वाकडी करून पाहिलं.

"ही किटली कसली?"

"ती मी," माई म्हणाल्या.

"अं?"

"म्हणजे, या पानावर मी चहा करतेय."

बोलून गेल्यावर माईंनी किटलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग कात्री खाली ठेवली.

स्क्रॅपबुकच्या या क्लासात बाई दर आठवड्याला एक कच्चा आराखडा देत. कागदावर नुसते चौकोन आणि पट्ट्या: इथे फोटो, इथे शीर्षक, इथे चार ओळी मजकूर. त्यावरून नक्षीचे कागद निवडायचे आणि आपली आठवण त्या चौकोनांत बसवायची. माईंचं पुस्तक नानांच्या पंचाहत्तरीसाठी चाललं होतं. बरीचशी पानं हातावेगळी झाली होती. आता पान होतं ते सोफ्याच्या गोष्टीचं, आणि सोफ्याच्या गोष्टीशिवाय नानांचं पुस्तक म्हणजे नानांशिवाय पंचाहत्तरी.

नाना म्हणजे माईंचे यजमान. जन्मभर विमा एजंट. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या मरणाची गोष्ट सांगून हसवायचं आणि हसता हसता सही घ्यायची, हा त्यांचा हातखंडा. माई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दोन माणसांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे काम त्यांनी पेन्शनीपर्यंत चोख केलं. घरी आल्यावरही कामाच्या स्वरूपात फारसा फरक पडत नसे.

गोष्ट अशी. नवं घर घेतलं, दुसऱ्या मजल्यावर. भला दांडगा सोफा आणला, आणि तो जिन्याच्या वळणावर असा काही अडकला की वरचे वर आणि खालचे खाली. वर राहणाऱ्या वकिलांना कोर्टात जाता येईना. पोस्टमन खालूनच नावं पुकारून पत्रं वर भिरकावू लागला. हमालांनी हात टेकले. तेव्हा नानांनी क्षणभर डोळे मिटले आणि गरजले, "उभा करा!" सोफा उभा राहिला आणि लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला. "आणि वर पोचतो तर काय," इथे नाना थांबत, सगळ्यांकडे एक नजर टाकत, "हिचा चहा तयार!"

चाळीसएक वर्षं माई त्या गोष्टीत चहा करत होत्या.

वास्तविक त्या दिवशी वरच्या घरात शेगडी नव्हती. नळाला पाणी नव्हतं. चहाच्या पावडरीचा डबा ज्या पिशवीत होता ती पिशवी माईंच्या मांडीवर होती, आणि माई सोफ्याच्या खालच्या अंगाला पायरीवर बसून होत्या, कारण पोटात थोरली होती आणि वर जायला वाट नव्हती. वरच्या पुरुषमंडळींना सोफ्याच्या गाद्या दिसत होत्या. माईंना खालून सोफ्याचं पोट दिसत होतं, त्याचे चार पाय दिसत होते, आणि पायांच्या मुळाशी चकाकणारे आटे.

"अहो, पाय फिरवून निघतायत बहुतेक," त्या म्हणाल्या होत्या. मग मोठ्याने म्हणाल्या होत्या. मग पोस्टमनने त्यांच्या वतीने ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे ते वर पोचलं.

गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली तेव्हा चहाच्या वाक्याला माई स्वतःच हसल्या होत्या. वाक्य चांगलंच होतं. पुढे एकदा त्यांनी मध्येच "मी तर खाली होते ना पण" असं म्हणून पाहिलं, तर नाना मायेने म्हणाले, "अगं, रंगलेली गोष्ट मोडू नये." पाहुणे हसले. माईंनी पुन्हा ती मोडली नाही.

पण सांगितलेली गोष्ट निदान हवेत तरी असते. डिंकाने चिकटवलेली राहते. नातीच्या मुलाबाळांनी हे पुस्तक उघडलं तर त्यांची पणजी ही निळ्या ठिपक्यांची किटली असणार होती, आणि ती किटली पणजीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्यातून बघून कापलेली असणार होती.

माईंनी किटली उचलली आणि कातरणांच्या डब्यात टाकली.

मग आराखडा हातात घेऊन तो आडवा धरला. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आराखडा आवडला नाही तर फिरवून बघा. आडवा केल्यावर शीर्षकाची लांब पट्टी उभी झाली, तिच्या डोक्यावर फोटोची पट्टी आडवी आली, आणि मध्ये काटकोनात वळलेला एक बोळ तयार झाला. माई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो जिना होता.

पुढच्या आठवड्यात माईंनी खरा जिना मोजला. शिवणाची टेप घेऊन त्या वळणावर ओणव्या झालेल्या असताना खालचे बिऱ्हाडकरू भाजी घेऊन चढत होते.

"काय माई, जिना विकायला काढलात?"

"बघतेय काय येतंय ते."

नानांनी दारातून विचारलं, "अगं, मोजतेस काय?"

"क्लासचा गृहपाठ आहे."

नानांचं समाधान झालं. बायकांच्या क्लासात काय शिकवतात याविषयी त्यांचं मत आधीच तयार होतं.

सोफा कधीच भंगारात गेला होता, पण माईंनी त्याला शिवलेली खोळ ट्रंकेत होती. तिच्यावरून सोफ्याचं माप मिळालं. दुकानात चार फेऱ्या मारल्यावर तसाच कागदही मिळाला, मोहरीच्या रंगाची भली मोठी फुलं असलेला. इतका कुरूप कागद घेऊन जाणारं कुणी भेटल्याचा दुकानदाराला मनापासून आनंद झाला. माईंनी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून सोफा कापला. जिन्याच्या भिंती पुठ्ठ्याच्याच, पानावर उभ्या केलेल्या, त्यांना विटांच्या नक्षीचा कागद. सोफ्याला चार पाय, प्रत्येक पाय पितळी पिनेवर बसवलेला, बोटाने फिरवला तर आत वळेल असा. सगळं अगदी मापात.

क्लासच्या बाईंनी पान हातात तोलून पाहिलं.

"माई, हे पान आहे की फर्निचर? पुस्तक मिटायचं कसं?"

"दोरीने बांधेन."

"आणि मजकूर? या चौकोनात चार ओळी लिहायच्या होत्या."

माईंनी पेन घेऊन चौकोनात तीनच शब्द लिहिले: "सोफा वर न्या."

पंचाहत्तरीच्या दुपारी घर भरलं होतं. थोरली, जावई, नात, नानांच्या ऑफिसातले दोघे-तिघे जुने सोबती. केक कापून झाला. नानांनी दोरी सोडली आणि पुस्तक मांडीवर घेऊन एकेका पानाचं निवेदन सुरू केलं. पहिली सायकल झाली. लग्न झालं. थोरलीचे पडलेले दात झाले. माई खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या. हातातली रिकामी बशी त्यांनी कुणालाच उचलू दिली नाही.

पान उलटलं.

"अरे वा!" नाना म्हणाले. "ही तर आपली सोफ्याची गोष्ट!"

जावयाने थोरलीकडे बघून हळूच मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. थोरलीने त्याला कोपर मारलं.

"नाना, हा सोफा हलतोय!" नात म्हणाली. ती पुस्तकावर आडवीच झाली होती.

"मग हलव की! मी सांगतो तसा. हे पान आधी टेबलावर घेऊ. हां. तर सोफा निघाला खालून. आला, आला, आला, आणि वळणावर..."

"अडकला," नात म्हणाली.

"अस्सा अडकला! वरचे वर, खालचे खाली. वकील इकडे, पोस्टमन तिकडे." नाना रंगात आले. "हमालांनी हात टेकले. तेव्हा मी डोळे मिटले, आणि म्हटलं, उभा करा! कर उभा."

नातीने सोफा उभा केला. तो भिंतीला अडला.

"जाईना."

"थोडा डावीकडे तिरका कर."

"केला."

"अगं, तिरका म्हणजे तिरका. आण इकडे." नानांनी स्वतः हात घातला. सोफा डावीकडे तिरका झाला, उजवीकडे तिरका झाला, पालथाही झाला. मोहरीची फुलं भिंतीला घासू लागली. ऑफिसातल्या एका सोबत्याने उठून वरून सल्ला दिला, दुसऱ्याने त्याच्या विरुद्ध सल्ला दिला. जावई इंजिनीयर होता. त्याने चष्मा चढवून दोन बोटांनी प्रयत्न केला आणि हे तत्त्वतःच अशक्य असल्याचं जाहीर केलं.

"जिना चुकलाय," नाना म्हणाले. "आपला जिना एवढा अरुंद नाही."

"मोजून केलाय," माई म्हणाल्या. "तुम्ही दारात होतात."

कुणी तरी हसलं. नाना हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सोफा धरला. तो पुन्हा अडला. माईंच्या मनात आलं, आता हे पान उलटतील. एखादा विनोद करतील, सगळे हसतील, आणि पुढच्या पानावर धाकटी वहिनी समुद्रात पडल्याचा फोटो आहे.

पण नानांनी पान उलटलं नाही. ते खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून नातीच्या बाजूला आले, आणि गुडघे धरत कष्टाने खाली बसले. आता ते जिन्याच्या खालच्या अंगाला होते. त्यांनी सोफ्याकडे खालून पाहिलं. मग एका बोटाने त्याचा एक पाय ढकलला. पाय पिनेवर फिरून आत गेला.

"आटे," नाना म्हणाले.

"काय?" थोरलीने विचारलं.

"आटे होते त्याच्या पायांना." त्यांनी दुसरा पाय आत वळवला. मग तिसरा, मग चौथा. सोफा उभा केला, वळणावरून सावकाश फिरवला, आणि तो लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात जावयाच्या होत्या.

"पण नाना," नात म्हणाली, "पाय निघतात हे तुम्हाला वरून कसं दिसलं?"

नाना जमिनीवरच बसून होते. त्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी बशीकडे पाहिलं. टेलिफोनवर दोन माणसं जोडून दिल्यावर मध्ये बोलायचं नसतं, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती.

"मला कुठलं दिसतंय," नाना म्हणाले. "ही खाली होती. हिने सांगितलं. मी तासभर डावीकडे तिरका, उजवीकडे तिरका करत बसलो होतो."

"आणि मग चहा?" जावई म्हणाला.

"कसला चहा, जावईबापू! वर शेगडी नाही, पाणी नाही. पावडरीचा डबा हिच्या मांडीवर आणि ही सोफ्याखाली. चहा कोण करणार, वकील?"

हशा उसळला. आजवर चहाच्या वाक्याला कधी एवढा हशा मिळाला नव्हता. नानांच्या कानाला तो लगेच कळला. त्यांनी मान ताठ केली, सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मी नेहमी हेच सांगतो," ते म्हणाले.

"नाना!" थोरली किंचाळली.

"आजी," नात माईंच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली होती. "तू खाली काय काय बघितलंस? सगळं सांग. पहिल्यापासून."

माईंनी बशी बाजूला ठेवली. घसा साफ केला. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत हे त्यांना नवीन होतं. "पहिल्यापासून म्हणजे," त्या म्हणाल्या, "आधी तो पोस्टमन आला," आणि बोलत राहिल्या. त्यांना मध्ये कुणी अडवलं नाही. नाना एकदा तोंड उघडणार होते, पण नातीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई क्लासच्या पुढच्या पानासाठी कागद निवडत बसल्या होत्या. नाना फोनवर होते. पंचाहत्तरीला येऊ न शकलेल्या एका मित्राला त्यांनी धरलं होतं, आणि मित्राची सुटका दिसत नव्हती.

"अरे, तुला खरी गोष्ट माहीतच नाही! सोफा वळणावर. मी वर, हतबल. सगळा जिना ओरडतोय. आणि खालून ही उठली. पोटुशी बरं का! नुसता हात वर केला हिने. सगळा जिना चिडीचूप! वकील गप्प, हमाल गप्प. ही म्हणाली, एकेकाने एकेक पाय धरा..."

माईंनी मान वर केली. त्या उठल्या नव्हत्या. हातही वर केला नव्हता, हातात पिशवी होती. जिना तर शेवटपर्यंत ओरडत होता.

नानांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि खोलीच्या या टोकापर्यंत ऐकू येईल अशा बेताने विचारलं, "अगं, तेव्हा तू शिट्टी मारली होतीस ना गं? बोटं तोंडात घालून?"

माईंनी उभ्या आयुष्यात शिट्टी मारली नव्हती. त्यांनी हिरव्या चौकड्यांचा कागद उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"दोनदा," त्या म्हणाल्या.