लंबूच्या घरी जाऊन येतो

“भाऊजी, हा लंबू कोण?” वहिनींनी विचारले. “शेवटी शेवटी इस्पितळातही हे फोन मागायचे. म्हणायचे, लंबूच्या घरी जाऊन येतो. त्याला कळवायला हवं ना? पत्ता कुठे सापडत नाही.”

धाकट्याने थोरल्या बंधूंच्या रिकाम्या खाटेवरून दृष्टी काढून घेतली.

“तो माणूस नाही, वहिनी. फोनवरच्या खेळातला आहे.”

“अगंबाई,” वहिनी म्हणाल्या, आणि उगाचच चादर झटकू लागल्या.

थोरला बसचालक, धाकटा चष्म्याच्या काचा घासणारा. कॉलेजची पायरी दोघांपैकी एकानेही चढली नव्हती. तथापि त्या खेळात दोघेही एकेका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. नवे खेळाडू मिळवण्यासाठी दर आठवड्यास त्यांच्या घरी जायच्या मोजक्या गृहभेटी लाभत; ज्याच्या एकूण भेटी अधिक, खेळाडू त्याचा. धाकटा त्या भेटी नामांकित खेळाडूंवर उधळी आणि हात हलवीत परते. थोरला हसे.

“मोठ्यांच्या पंगतीत कशाला घुसतोस? ज्याच्या दारात कुणी चप्पल काढत नाही, त्याच्याकडे आधी जा. आणि एकदा गेलास की खाडा करू नकोस.”

लंबू असाच. उंच, मंद, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. थोरल्याने मात्र त्याला जीव लावला होता. आता थोरला गेला, आणि त्याच्या संघाची खुर्ची रिकामी झाली होती. ती संगणक सांभाळी, आणि संगणक कुणाच्याही घरी जात नसे. संगणकाच्या हाती गेला तर लंबू बाकावरच कुजणार, असे धाकट्याला वाटले. निवडीच्या अखेरच्या आठवड्यातील आपल्या समस्त भेटी त्याने लंबूच्या पदरात टाकल्या. स्वतःच्या संघासाठी एकही राखली नाही.

निकाल दुपारच्या सुट्टीत लागला.

“मिळाला का जावई?” शेजारच्या यंत्रावरच्या सोबत्याने डबा उघडीत विचारले.

“गेला.”

“कुणी पळवला?”

“दादाने.”

सोबत्याचा घास हातातच राहिला.

खाटेवर पडल्या पडल्या, एकही आठवडा न चुकवता थोरल्याने दिलेल्या भेटींची रास एवढी होती की तिच्यापुढे धाकट्याचे सारे दान तोकडे पडले. लंबूच्या नावापुढे थोरल्याचे कॉलेज झळकत होते. त्याखाली प्रशिक्षकाची जागा कोरी होती.

जिंकला की थोरला तत्क्षणी फोन करी. “काच पुसून बघ, धाकट्या, कोण जिंकलं.” धाकट्याने घासायचे चाक सुरू केले नाही. त्याने फोन समोर ठेवला. मग त्यानेच फोन लावला.

“वहिनी, लंबू दादाकडेच आला.”

“आला?” वहिनींच्या स्वरात कित्येक दिवसांनी जीव आला. “थांबा हं, ह्यांना सांगते.”

पलीकडे पावले लगबगीने खोलीकडे निघाली, आणि मध्येच थांबली.