आणणाऱ्याने बोलायचं नाही

आमच्या मंडळाचा एकच नियम आहे आणि तो माझ्यासारख्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही. जो रेकॉर्ड आणेल त्याने बोलायचं नाही. पाकीट उशीच्या अभ्र्यात घालून आणायचं, तबकडी तेवढी काढून सोफेवाल्यांच्या हातात द्यायची आणि बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत मूग गिळून बसायचं. मान हलवायची नाही, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. हा नियम आला डॉक्टरांमुळे. ते दातांचे डॉक्टर. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला आणि बोलणार मात्र हेच, अशी त्यांना आयुष्यभराची सवय. एकदा त्यांनी स्वतःच आणलेल्या रेकॉर्डचं कौतुक सुरू केलं, ते रेकॉर्ड संपली तरी संपेना. तेव्हा सोफेवाल्यांनी कायदा केला.

सोफेवाले माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. त्यांच्या दुकानामागे सोफे दुरुस्त करायची खोली आहे, तिथे रविवारी सकाळी आम्ही जमतो. भिंतीला टेकवलेला फोम, कापडाचे तागे, काथ्याची पोती, त्यामुळे आवाज घुमत नाही. ज्या सोफ्याला अजून नवं कापड लागलेलं नाही त्यावरच बसायचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान नाही. स्प्रिंग टोचली तर सरकून बसायचं. तिथे आम्ही जॅझ ऑर्गन ऐकतो. दुसरं काही नाही, फक्त तेच.

लग्नानंतर पहिल्यांदा ऑर्गन ऐकला तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, घरात पिठाची गिरणी टाकलीय का. तो हसला आणि त्याने आवाज वाढवला. तो गेल्यावर मी त्याच्या रेकॉर्ड सोफेवाल्यांना द्यायला म्हणून आले होते. "एक तरी ऐकून जा, वहिनी," असं ते म्हणाले आणि मी बसले, ती आजतागायत बसलेली आहे. मी शाळेची बस चालवते. आठवडाभर पोरांचा कालवा ऐकल्यावर रविवारी ऑर्गनचा तो खालचा, पायांनी वाजवलेला सूर छातीशी आला की बरं वाटतं. का ते मला सांगता येत नाही, आणि माझ्याकडून कोणी तशी अपेक्षाही करत नाही.

त्या रविवारी अभ्रा माझ्या मांडीवर होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

आत होती आजोबांची नवी रेकॉर्ड. आजोबा म्हणजे आमचा सगळ्यांचा लाडका ऑर्गनवाला. आमचं नातं नाही, ओळख नाही, पण आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. आणि या खेपेला त्यांच्यासोबत व्हायब्रफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवलं होतं माझ्या मुलीने.

हे मंडळात कोणाला माहीत नव्हतं. मुलगी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, संध्याकाळी काहीतरी वाजवते, एवढंच त्यांना ठाऊक. ती मोठी रजा टाकून परगावी गेली तेव्हा "कसलंसं प्रशिक्षण आहे" असं मीच सांगितलं होतं. आता आजोबांनी तिला कायमचं बोलावलं होतं. गावोगाव कार्यक्रम, आज इथे तर उद्या तिथे. आणि रजा संपत आली होती. सोमवारी एक तर कामावर हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. ती नोकरी तिला मिळाली तेव्हा मी किती वर्षांनी शांत झोपले होते, ते माझं मला माहीत.

शनिवारी तिचा फोन आला. "आई, रेकॉर्ड पाठवलीय, आज पोचेल. मंडळात लाव. माझं नाव सांगू नकोस. ते जे बोलतील ते जसंच्या तसं मला सांग."

"मी ऐकून सांगते की."

"तू नको. आपला तो बाब्या."

वाक्य तिने पूर्ण केलं नाही. दुसऱ्याचं ते कार्टं व्हायला आपल्या बाब्याला रविवारी सोफेवाल्यांकडे पाठवायचं होतं, हे मला कळलं. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. मंडळी म्हणाली, साधारण आहे, तर मुलगी सोमवारी कामावर जाईल. ते माझ्या तोंडून जायला नको, एवढंच. असं मनात आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. कुठल्या आईच्या मनात असं येतं?

सोफेवाल्यांनी तबकडी लावली. दोनच सूर झाले आणि डॉक्टर म्हणाले, "आजोबा."

"श्श," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या आमच्यातल्या चौथ्या, निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त शाळेतून झाल्या, स्वभावातून नाही.

पहिली बाजू संपली, दुसरी संपली. सुई उचलली गेली. मी हात अभ्र्याखाली घट्ट धरून बसले होते.

"वय माणसाला शहाणं करतं," सोफेवाले म्हणाले. "आजोबा केवढे निवांत झालेत. पूर्वी कुठे म्हणून जागा सोडायचे नाहीत. भोक दिसलं की बुजव."

"शहाणे कसले? दम लागत असणार," डॉक्टर म्हणाले. "पायाचा बास बघा किती कमी केलाय. गुडघे गेले असतील."

"तुम्हाला सगळीकडे रोगच दिसतो."

"रोगावरच पोट आहे माझं."

मग गुडघे की शहाणपण यावर दोघांची जुंपली. आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड निघाल्या, कुठल्या साली कुठे काय वाजवलं होतं ते निघालं. उजव्या हाताचं झालं, डाव्या हाताचं झालं, त्या फिरत्या स्पीकरच्या कपाटाचं झालं, ज्याच्यामुळे ऑर्गनचा सूर लाटेसारखा वरखाली होतो. ड्रमवाल्याच्या वाट्यालासुद्धा दोन बरे शब्द आले. माझ्या मुलीचा कोणी उच्चार करेना. ती तिथे होतीच, अख्खी रेकॉर्डभर होती, आणि जणू खोलीत ठेवलेल्या कपाटासारखी कोणाला दिसलीच नव्हती.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "तो व्हायब्रफोनवाला मुलगा नीट आहे."

नीट! पोराचं अक्षर नीट असतं, भांडी नीट लावलेली असतात. मी बस चालवताना पाठीमागे पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत असतात तेव्हासुद्धा मला इतका राग येत नाही. आणि मजा बघा, तासाभरापूर्वी साधारण म्हणाले तर बरं असं जिला वाटत होतं, ती हीच बाई. मी तोंड उघडलं. सोफेवाल्यांनी माझ्याकडे बोट रोखलं. मी तोंड मिटलं.

"झालं का सगळ्यांचं?" सोफेवाल्यांनी विचारलं. "मग वहिनींना मोकळं करू."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "गुडघ्यांचा निकाल लागू दे. ते तिसरं, संथ गाणं पुन्हा लावा. त्यात आजोबा मध्येच थांबतात. दम लागूनच थांबतात, मी दाखवतो."

तिसरं पुन्हा लागलं. ऑर्गन हळूच आला, दोन वाक्यं म्हणाला आणि थांबला. व्हायब्रफोनचा एकच सूर वाजला. तो विरत गेला, विरत गेला, अगदी नाहीसा झाला आणि मगच ऑर्गन परत आला.

"बघा. थांबले," डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता. "पुन्हा लावता का?"

सोफेवाल्यांनी सुई मागे नेली. या वेळी डॉक्टर पुढे वाकले.

"दम नाही लागलेला," ते सावकाश म्हणाले. "वाट बघतायत."

"कोणाची?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"त्या मुलाची. त्याचा सूर मरेपर्यंत आजोबा पुढचं बोट ठेवत नाहीत. ऑर्गनचा सूर बोट ठेवलंय तोवर जगतो, याचा आपला आपण विरतो. आजोबांनी मनात आणलं तर एका बोटाने झाकून टाकतील त्याला. जन्मभर तेच तर केलं त्यांनी." मग एकदम म्हणाले, "आणि मोटार बंद आहे."

"कुठली मोटार?"

"व्हायब्रफोनला मोटार असते. पट्ट्यांखाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी चकत्या. त्या फिरल्या की सूर थरथरतो. बाकीच्या गाण्यांत ती चालू आहे. इथे त्याने मुद्दाम बंद ठेवलीय. ऑर्गन थरथरतोय, हा सरळ उभा आहे. मोटारीचं मला सांगू नका, दिवसभर हातात तीच असते."

मग कोणी भांडलं नाही. तिसरं गाणं पुन्हा लागलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. गाणं संपल्यावर त्यांनी ते उघडले.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "मी मुलाला नीट म्हणाले. आपण सगळे तासभर म्हाताऱ्याच्या शहाणपणाच्या आरत्या ओवाळतोय, आणि ते शहाणपण त्याला शिकवलं या पोराने. आवाज न चढवता. माझ्या वर्गात असा एखादाच विद्यार्थी आला की मी शिकवता शिकवता थांबायचे. त्याला काय म्हणायचंय ते ऐकावंसं वाटायचं."

"शेवटच्या जलद गाण्यात मात्र तो पळतो," सोफेवाले म्हणाले.

"पळतो," डॉक्टर म्हणाले. "ड्रमच्या पुढे जातो. कान उपटायला हवेत."

"ते शिकता येतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिसऱ्या गाण्यातलं शिकता येत नाही. वहिनी, सुटलात. बोला."

मी अभ्र्यातून पाकीट काढलं आणि सोफेवाल्यांना दिलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मागची बाजू वाचली, आडनावाशी थबकले. माझ्याकडे पाहिलं, परत पाकिटाकडे पाहिलं. मग ते पाकीट त्यांनी मोठ्या बाईंकडे दिलं, मोठ्या बाईंनी डॉक्टरांकडे.

"आपली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"आधी सांगायचं ना हो, वहिनी."

"सांगितलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता."

"बोललो असतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "अगदी सुरेख बोललो असतो."

मला रडू आलं. या तिघांनी माझ्या पोरीला परकी म्हणून ऐकलं होतं. आधी दुर्लक्ष केलं, मग नीट म्हणाले, मग कान लावले आणि चुकाही काढल्या. आजवर तिचं कौतुक पुष्कळांनी केलं होतं, माझ्या तोंडाकडे बघून. हे माझ्या तोंडाकडे न बघता झालं. हे उपकार मी फेडू शकणार नाही, आणि खरं म्हणजे फेडायचेही नाहीत. असे काही उपकार अंगावर असू द्यावेत. तसं मी त्यांना सांगूनही टाकलं, कारण आता बोलायला मोकळी होते. सोफेवाले उगाच काथ्याचं पोतं सरळ करायला लागले.

मी खोलीतून पुढे दुकानात गेले आणि फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"काय म्हणाले?"

मी जसंच्या तसं सांगितलं. तासभर तिचं नाव निघालं नाही, हेही. नीट, हेही. मोटारीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना कळलं?" आणि आवाज लहान मुलीसारखा झाला. वाट बघण्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "पुन्हा सांग." ती पळते हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "आजोबापण तेच म्हणतात."

मी एका कोऱ्या सोफ्याच्या हाताला धरून उभी होते. आता जे बोलायचं ते दुसऱ्या कोणी बोलून चालणार नव्हतं.

"दे राजीनामा," मी म्हणाले. "माझी काळजी करू नकोस. मी उद्यापासून रोज घाबरेन, ते माझं मी बघेन. तू जा."

"आई, राजीनामा मी शुक्रवारीच दिला."

"काय?"

"शुक्रवारी."

"मग हे काय नाटक लावलं होतंस? मंडळात लाव, नाव सांगू नकोस, जसंच्या तसं सांग! मी इथे तासभर जीभ चावत बसले होते."

"मला विचारायचं नव्हतं गं. मला माहीत होतं. तुला कळायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस आणि मनातून रोज नाही म्हणत राहिली असतीस. माझ्यावर तुझा जीव आहे, पण विश्वास तुझा त्या तिघांवर आहे."

"आणि ते वाईट बोलले असते तर?"

"तरी गेले असते. फक्त अशी हसत गेले नसते."

मी तिला लबाड म्हणाले. आईला शाळा शिकवतेस का, असंही म्हणाले. अजून दोन-चार शब्द वापरले, जे बसमध्ये वापरता येत नाहीत. ती हसत होती, मग हसता हसता नाक ओढायला लागली, आणि मीही. तिने मला ओळखलं होतं. मी तिला सोमवारच्या तराजूत टाकून बसले होते, आणि ती शुक्रवारीच उतरून माझ्यासाठी मागे थांबली होती. अशी मुलगी पदरात पडायला मी काय केलं होतं, कोण जाणे. काही न करता मिळालं तर घ्यावं आणि हात जोडावेत.

"जेवून घे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आत गेले तर तिघं माझी वाट बघत होते. सोफेवाल्यांनी तबकडी पुसून ठेवली होती, पहिली बाजू वर.

"बसा, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही कुठे ऐकलीय अजून? तासभर आमची तोंडं तर बघत होतात."

ते खरं होतं. सूर कानावर पडत होते, पण ऐकला मी एकही नव्हता. डॉक्टरांनी सरकून मला जागा करून दिली, मोठ्या बाईंनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात ठेवला, सोफेवाल्यांनी सुई टेकवली, आणि मग मी माझ्या मुलीला ऐकलं.